पांढरे म्हणजे आपले

काल दुपार कलताना, असरच्या नमाजनंतर, तुमचे कारखान्यातले हुसेनभाई येऊन गेले. तुम्ही गेल्यापासून तिसऱ्यांदा आले. मी इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही, परक्या पुरुषासमोर येणं नाही. या वयात मला कोण बघायला बसलंय, पण रीत ती रीत. म्हणून मी आतल्या खोलीत आणि ते बाहेर आपल्या सलीमबरोबर. दार थोडं उघडं होतं. फटीतून त्यांचा गुडघा आणि चहाचा कप तेवढा दिसत होता. ऐकू मात्र सगळं येत होतं.

आधी नेहमीचं झालं. अल्लाची मर्जी, चांगला माणूस, नमाजी माणूस. लोक तुमच्याबद्दल असं बोलतात तेव्हा मला वाटतं दुसराच कोणी मेलाय. मग हुसेनभाई एकदम हसले.

"तुझा बाप काय साधा नव्हता हां सलीम. ती फुटबॉलची चार-एकची मॅच ठाव हाय ना? कोरोनाच्या साली? याचे पांढरे चार-एकने हरलेले. मी सकाळी सातलाच फोन केला, म्हटलं जरा जखमेवर मीठ चोळू. तर म्हणतो, थांब, दहाला रिपीट हाय, बायको सांगेल, मग बोलू. दुपारी परत केला. म्हणतो, हुसेन, जिंकलो रे, चार-एक! मी म्हटलं, इब्राहिम, येडा झालास काय? तर म्हणतो, तुमच्या घरात हरलो असू. आमच्या घरात जिंकलो."

सलीम पण हसला.

"अरे, समोरचे पण पांढरेवाले. मॅच त्यांच्या गावात, म्हणून त्यांनी आपले पांढरे घातलेले आणि याच्यावाल्यांनी दुसरे कुठलेतरी. भाभीला काय माहीत? पांढरे दिसले नि सुटली. तो म्हणाला, कोणाला सांगू नको हां."

मी आतून विचारलं, "काय सांगू नको?"

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"काय नाय भाभी. जुन्या गोष्टी."

"जुन्या असू दे. माझ्याबद्दल आहेत ना? परत सांगा. नीट सांगा."

त्यांनी परत सांगितलं. या वेळी हसले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाले, "लय जीव होता भाभी त्याचा तुमच्यावर." मी म्हटलं, "त्याचं मी बघेन. चहा प्या, गार होतोय."

तर आता मला सांगा. हे काय केलंत तुम्ही?

घरात मोठ्याने विचारलं तर सुनेला वाटेल सासू कामातून गेली. म्हणून लिहितेय.

ते वर्ष आधी नीट आठवून बघते, कारण मला वाटत होतं की ते वर्ष मला पक्कं ठाऊक आहे. तुमचा डावा डोळा संपला होता. उजव्यात थोडा उजेड होता. काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती ड्रॉप टाकून सांभाळा. बाहेर कोरोना. सूकच्या बाजारातली दुकानं कधी उघडी, कधी अर्धं शटर. सलीम घरूनच ऑफिसचं काम करायचा, सून दवाखान्याच्या रिसेप्शनवर, ती सकाळी जायची. आणि तुम्ही सोफ्यावर. तीस वर्षं इथे आखातात, अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवलेला माणूस हॉलमधून मोरीपर्यंत भिंतीला हात लावत जायचा. मला बघवायचं नाही, म्हणून मी ओरडायचे. लोकांना वाटायचं ही बाई आंधळ्या नवऱ्यावर ओरडते. ओरडत होते. काय करणार होते दुसरं?

कारखान्याच्या बसमध्ये तुमचे दोन गट होते. स्पेनची फुटबॉलची लीग. अर्धी बस पांढऱ्यांची, अर्धी निळ्या-लालवाल्यांची. हुसेनभाई निळे-लाल. रत्नागिरीतल्या खाडीकाठच्या पोरांना स्पेनशी काय घेणंदेणं, हे मी तुम्हाला लग्नानंतर अनेकदा विचारलं. तुम्ही म्हणायचात, "तुला नाय समजणार." ते वर्ष आलं आणि समजून घ्यायची पाळी माझ्यावर आली.

मॅच आपल्याकडे रात्री उशिरा लागायच्या. गोळ्या घेऊन तुम्ही नऊला झोपायचात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत दाखवायचे. पहिल्या दिवशी तुम्ही एकटेच टीव्हीसमोर बसलात. मी मच्छी साफ करून आले तर तुम्ही कान पुढे करून बसलेले. टीव्हीत मॅच सांगणाऱ्या अरबी माणसाची जीभ नुसती गरगर फिरत होती. मला अरबी येते ती दुकानापुरती, खलास म्हणजे संपलं, मफी म्हणजे नाही, एवढीच. तुम्ही म्हणालात, "मना नुसता हिरवा दिसता. त्याच्यावर माश्या फिरल्यासारखा. काय चाल्लाय, सांग गो."

मी हात पुसले आणि बसले.

"बॉल कोणाकडे आहे?"

"एका माणसाकडे."

"अगो, कुठल्या माणसाकडे?"

"आता दुसऱ्याकडे गेला."

"कपडे कुठले?"

"पांढरे."

"मग आपले. पांढरे म्हणजे आपले. एवढा लक्षात ठेव. बाकी कोण का असेना."

एवढंच शिकवलंत तुम्ही मला. नावं मला जमली नाहीत. मी माझी नावं ठेवली. लांब्या, टकल्या, दाढीवाला, आणि तो एक सारखा जमिनीवर लोळणारा, त्याला मी नाटक्या म्हणायचे. "नाटक्या पडला." "लागलाय काय?" "कसलं लागलंय! बघतोय साहेब शिट्टी मारतो का. मारली नाही. उठला बघा. आता पळतोय हरणासारखा." तुम्ही हसायचात. तुमचं ते हसणं मी किती दिवसांनी ऐकलं होतं, हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

त्या साली मैदानात माणूस नव्हता. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आणि टीव्हीतून ओरडा मात्र हजारो माणसांचा. मी म्हटलं, "कोणीच बसलेलं नाही हो."

"मग ओरडता कोण?"

"काय माहीत. खुर्च्या आहेत नुसत्या."

"बघ नीट. माणसं असतील."

"अहो, डोळे मला आहेत. नाहीत माणसं."

तुमचा विश्वास बसेना. शेवटी सलीम आतून येऊन म्हणाला, "डॅडी, साउंड इज रेकॉर्डेड. टीव्हीवाले टाकतात." मग म्हणालात, "म्हणजे कानानं ऐकला तो पण खोटा." त्यानंतर तुम्ही मला जास्त विचारायला लागलात. मला वाटलं, आता कानावर भरवसा राहिला नाही, माझ्यावर आहे.

असं मला वाटलं. तुम्ही काही म्हणाला नव्हतात. मीच धरून चालले.

मग ती मॅच. थंडी अजून लागायची होती, एसी चालू होता. पांढरे असे खेळले त्या दिवशी की विचारू नका. पहिला गोल दुसऱ्यांनी मारला, दुसरे कुठल्याशा रंगाचे होते, आठवत नाही, मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, "गेला. त्यांनी मारला." तुम्ही "हं" म्हणालात. मग पांढऱ्यांना पेनल्टी. गोल. मग आणखी एक गोल. मग परत पेनल्टी. परत पेनल्टी! तीन पेनल्ट्या एका मॅचला. मी उठून उभी राहिले. माझा आवाज जिन्यात ऐकू गेला, शेजारची गुजरातीण विचारायला आली काय झालं. मी तिला म्हटलं, "चार मारे हमने, चार!" तुम्ही सोफ्यावर मांडी घालून बसलेले, दोन्ही हात वर करून म्हणालात, "माशाल्ला." आणि मला म्हणालात, "तू सांगतेस म्हणून दिसला मना."

हे वाक्य मी चार-पाच वर्षं जपून ठेवलं. बायका आपले सोन्याचे डाग जपतात, मी हे जपलं. आणि काल हुसेनभाईंनी चहा पिता पिता सांगितलं की तुम्हाला सकाळी सातलाच माहीत होतं, आपण मार खाल्लाय.

सात वाजता माहीत होतं. दहा वाजता तुम्ही मला शेजारी बसवलंत. तो अरबी माणूस खेळाडूंची नावं घेऊन किंचाळत होता, ती नावं तुम्हाला पाठ. गोल कोणी मारला, ते तुम्हाला कानानं कळत होतं. मी तिथे उभी राहून नाचतेय, आणि तुम्ही हात वर करून माशाल्ला म्हणताय.

मला राग येतोय की नाही, तेच कळत नाही. सकाळी आला होता. दुपारी भात टाकताना हसू आलं. आता परत आलाय.

सुनेला सांगितलं. नाझनीन म्हणाली, "सो स्वीट, मम्मी! डॅडी किती रोमँटिक होते." मी म्हटलं, "रोमँटिक काय त्यात? मला वेडी केली त्यांनी." ती म्हणाली, "त्यांना तुमचा आनंद घालवायचा नव्हता." असेल. पण मला विचारा ना. मला आनंद नको होता, मला काम हवं होतं. मी तुमचे डोळे होते, असं मला वाटत होतं. चूक झाली तर माणूस सांगतो. क्रेनवर खालचा माणूस चुकीचा हात दाखवतो, तर वरचा गप्प बसतो काय? तुम्हीच सांगायचात, खालच्याच्या हातावर वरच्याचं काम चालतं म्हणून.

आणि लीगचा शेवटचा दिवस आठवतोय? तो आपण रिपीट नाही, खरा बघितला. संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली आणि बसलो. दोन मॅच एकाच वेळी चालू. आपले पांढरे जिंकले, पण ते तिसरेच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, ते पण जिंकले आणि कप घेऊन गेले. पडद्यावर आकडे आले. आकडे मला वाचता येतात. मी म्हटलं, "दोनच पॉइंटने गेली हो." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, खलास." मी म्हटलं, "कसं जाऊ दे? एकच मॅच आणखी तशी मारायला हवी होती. ती चार-एकवाली. तशी आणखी एक मारली असती तर आज कप आपला."

तुम्ही एवढे हसलात, एवढे हसलात, की ठसका लागला. मी पाठीवर मारत होते आणि विचारत होते, हसायला काय झालं. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काय नाय. तू बोल्लीस ता खरा हाय. ती एक मॅच." सलीम आतून पाणी घेऊन आला, त्याला पण सांगितलं नाहीत. कप गेला त्या दिवशी एवढा खूश माणूस मी बघितला नाही. मी मनात म्हटलं, आंधळा होऊन याला शहाणपण आलं, हार पचवायला शिकला.

काय पचवलंत ते आता कळलं.

हे एवढंच असतं तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. फुटबॉल आहे. स्पेनचे लोक स्पेनमध्ये हरले, माझं काय गेलं? पण काल हुसेनभाई गेले आणि मी भांडी घासायला उभी राहिले आणि माझा हातच थांबला. पांढरे दिसले की आपले. मी सगळंच तसं ओळखते. बस रंगावरून. दुधाची पिशवी रंगावरून. आणि तुमचे ड्रॉप्स.

निळ्या टोपणाचा दिवसातून दोनदा. पिवळ्याचा झोपताना एकदा. लेबल इंग्रजीत, एवढ्या बारीक अक्षरात, मी कधी वाचायला गेले नाही. पहिल्या दिवशी नाझनीननं दाखवलं, मी टोपणं डोक्यात ठेवली. चार-पाच वर्षं रोज मी तुमची मान मागे करून थेंब टाकला. त्या वर्षांत उजव्या डोळ्यातला उजेडही गेला. डॉक्टर म्हणाला, रोगच असा आहे. मी मान हलवली. कधी शंका आली नाही.

आता येते. त्या वेळी कधी कधी नेहमीची कंपनी मिळायची नाही, फार्मसीवाला दुसरी द्यायचा. टोपणं तीच होती का? मैदानातले दुसऱ्या कपड्यात येतात, तर बाटल्या का नाही येणार? आणि मी निळं दिसलं की टाकलं असेल. आणि तुम्ही, नेहमीसारखे, मान मागे करून, गप्प.

जगात दुसऱ्या कोणाबद्दल मला ही शंका आली नसती. पण तुम्ही गप्प बसणारेच. डोळ्याच्या कडेचं दिसत नाही हे तुम्ही मला दोन वर्षं सांगितलं नाहीत. खुर्चीला धडकलात की म्हणायचात, "खुर्ची कोणी हलवली?" मी नाही हलवली म्हटलं की माझ्यावरच ओरडायचात. क्रेनवर चढत होतात तेव्हा! खाली माणसं! त्यावरून आपलं जे भांडण झालं ते कधी संपलंच नाही. मी म्हटलं, "मला सांगितलं असतंत तर वेळेवर डॉक्टर गाठला असता." तुम्ही म्हणालात, "सांगून तू काय करणार होतीस?" मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला काय करू हे विचारावं लागलं, म्हणून बोलले. भांडण तिथेच राहिलं. आता तुम्ही गेलात आणि ते माझ्याकडे उरलं.

आज सकाळी मी फ्रीजच्या दारातल्या दोन बाटल्या काढल्या. सलीमनं टाकून दिल्या नव्हत्या. नाझनीन ड्युटीला निघत होती. तिला म्हटलं, "हे वाच. मोठ्यानं वाच."

"आत्ता, मम्मी? का?"

"वाच म्हटलं ना."

तिनं वाचलं. निळा दोनदा, पिवळा झोपताना. बरोबर. माझे पाय जरा हलके झाले. मग मी विचारलं, "आधीच्या? कोरोनाच्या वेळच्या? दुसऱ्या कंपनीच्या आल्या होत्या त्या?"

"त्या आता कुठून आणू? एवढ्या वर्षांनी?" मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि बॅग खाली ठेवली. "मम्मी, असं काही झालं नाही. चुकलं असतं तर डॅडी बोलले असते ना."

मी तिला काय सांगू? तिला वाटतं हा माणूस बोलला असता.

दिवसभर मी आठवतेय. एकदा तरी तुम्ही मला अडवलं होतंत का? भाजीत मीठ जास्त झालं की अडवायचात, ते सगळ्यांना माहीत आहे. विजार उलटी दिली की ओरडायचात. पण ड्रॉप्सचं? आज दुपारी जोहरच्या नमाजनंतर जानमाज घडी घालताना एक गोष्ट समोर आली. एक सकाळ. तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत. मी बाटली उघडून जवळ आणली आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. बाटली हातात घेतलीत, अंगठा फिरवलात तिच्यावर, आणि म्हणालात, "ही नाय. दुसरी." मी कपाटातून दुसरी आणली. तुम्ही परत अंगठा फिरवलात आणि मान मागे केलीत. मी म्हटलं, "मोठे हकीम लागून गेलात."

हे मला स्वच्छ दिसतंय. खिडकीचा पडदा, तुमचा गंजी, सगळं. म्हणजे ज्यात नुकसान होतं त्यात तुम्ही मला अडवलंत, आणि ज्यात कोणाचं काही जात नव्हतं तिथे मला नाचू दिलंत. असं असेल तर माझं तुमच्याशी काही भांडण नाही. असं असेल तर मी उद्या हुसेनभाईंची फोनवर माफी मागेन, काल चहाचं तोडून बोलले त्याबद्दल.

पण ही सकाळ मला आजच का आठवली? तुम्हाला जाऊन दोन महिने झाले, त्याआधी इतकी वर्षं, कधीच आठवली नाही. आणि ती बाटली ड्रॉपची होती की गुडघ्याच्या तेलाची, हेही आता, लिहिता लिहिता, मला नक्की सांगता येत नाही. मला गरज होती, म्हणून मीच जुळवली असेल. चार गोल बघितले तेव्हाही मला सगळं स्वच्छच दिसत होतं.

तुम्ही खिडकीत बसला होतात. माझं मनगट धरलंत. ही नाय, दुसरी, म्हणालात. बघा, सांगतेय मी. झालं होतं ना असं? आता तरी सांगा, मी चुकीचं सांगतेय काय?

बोला ना. का आत्ताही मला सांगू देणार आहात नुसतं?